दुपारी एक ते रात्री नऊ, आणि मधली खारी

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या की इंटरमिटंट फास्टिंग, म्हणजे दिवसातले ठरावीक तासच खायचं आणि बाकी उपास, कोण कोण करतंय, कसं चाललंय, कळवा. वाटलं होतं पाच-सहा पत्रं येतील. ढीग आलाय. निम्म्या पत्रांत प्रश्न एकच, "ताई, सोळा तास उपाशी राहते तरी वजन का उतरत नाही", म्हणून त्यातलं एकच पत्र घेतलंय आणि त्याला सविस्तर लिहिलंय, बाकीच्यांनी ते आपलंच समजून वाचावं. नावं कुणाचीच छापत नाहीये, फक्त गाव.

ताई, मी डोंबिवलीला राहते, वय ४३, नोकरी फोर्टला. दीड महिना झाला सोळा-आठ करतेय, दुपारी एक ते रात्री नऊ एवढ्यातच खायचं. पहिल्या पंधरा दिवसांत ३ किलो उतरले, गाडीतल्या मैत्रिणी विचारायला लागल्या काय केलंस म्हणून, आणि तिथून पुढे काटा हलायला तयार नाही. वर केस गळायला लागलेत. सकाळी फक्त काळी कॉफी, एकला डबा, पाचला ऑफिसमधे काहीतरी, रात्री मिस्टर आले की पावणेनऊला जेवण, ते पण नऊच्या आत उरकायचं म्हणून घाईघाईत. माझं चुकतंय कुठे?

तुमचं पत्र वाचून मी उलट मेसेज केला होता आठवतंय ना, की "पाचला ऑफिसमधे काहीतरी" म्हणजे नक्की काय. उत्तर आलं, दोन खाऱ्या, दोनदा चहा, कधी सामोसा, कुणाचा वाढदिवस असला तर केक. मला वाटतं अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत. एक मोठा सामोसा अडीचशे कॅलरीच्या आसपास जातो, दोन चहा साखरेचे, खारी म्हणजे मैदा आणि डालडा, आणि सकाळचा जो नाश्ता तुम्ही सोडलात तो बहुतेक पोहे किंवा उपमाच असणार, तेवढाच तो. म्हणजे सकाळी वाचवलं ते संध्याकाळी खर्च केलं, जमाखर्च शून्य.

आता ते पहिले ३ किलो. त्यातलं निम्मंअधिक पाणी होतं, वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांचंच असतं. आपल्या लिव्हरमधे आणि स्नायूंमधे ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, साधारण चारपाचशे ग्रॅम, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा वापरला जातो आणि त्याच्याबरोबरचं पाणी निघून जातं. काटा खाली येतो, लोक कौतुक करतात, आणि चरबीला अजून फारसा हात लागलेला नसतो. चरबी त्यानंतर हळूहळू जाते, आठवड्याला अर्धा किलो गेली तरी उत्तम म्हणायचं.

आणि घड्याळ लावलं की आपोआप वजन उतरतं असं जे रील्सवाले सांगतात ना, ते लोकांवर करून बघितलेलं आहे. २०२० मधे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला ११६ लोकांवर एक अभ्यास झाला, एका गटाला सांगितलं दुपारी १२ ते रात्री ८ हवं ते खा, दुसऱ्याला सांगितलं दिवसातून तीनदा जेवा. १२ आठवड्यांनी उपासवाल्यांचं वजन जेमतेम १ किलो उतरलं, दुसऱ्या गटापेक्षा फार वेगळं काही नाही, आणि जे उतरलं त्यात स्नायूंचा वाटा बराच होता, जे आपल्याला नकोच असतं. मग २०२२ मधे चीनमधल्या ग्वांगझूला १३९ लठ्ठ लोकांना वर्षभर कमी कॅलरीचा आहार दिला, त्यातल्या निम्म्यांना वर सांगितलं की सकाळी ८ ते दुपारी ४ मधेच खायचं. वर्षाअखेरीला वेळ पाळणारे सरासरी ८ किलोने उतरले, न पाळणारे ६.३ किलोने. फरक आहे म्हणाल, पण तो योगायोगाने पण येऊ शकतो इतका लहान आहे असं त्यांच्या हिशोबात निघालं. म्हणजे उतरले दोघंही, कारण खाणं दोघांचंही कमी झालं होतं.

मग मी फास्टिंगच्या विरुद्ध आहे का? अजिबात नाही. ज्यांना कॅलरी मोजायचा कंटाळा येतो त्यांना "या वेळेनंतर तोंड बंद" हा नियम पाळायला सोपा जातो, मला स्वतःला तोच जमला. पण तो नियम लावायचा कुठे? माझं मत विचाराल तर आपल्या मराठी घरात, त्यातून मुंबईकडे, सगळ्यात घात करते ती रात्री पावणेदहाची जेवणाची वेळ आणि त्यानंतर टीव्हीपुढचा चिवडा. आपण मात्र कात्री लावतो सकाळच्या पोह्यांना, कारण सकाळी तसंही धावपळ असते, भूक नसते, सोडणं सोपं. अमेरिकेतल्या अलाबामात २०१८ मधे एक छोटा प्रयोग झाला होता, डायबिटीसच्या उंबरठ्यावरचे पुरुष, सहा तासांतच खायचं आणि शेवटचं जेवण दुपारी ३ च्या आत. पाच आठवड्यांत वजन उतरलं नाही पण इन्सुलिनचं काम सुधारलं, ब्लड प्रेशर पण खाली आलं. फक्त आठ माणसं होती त्यात, त्यामुळे डोक्यावर घेऊन नाचू नका, पण खायचे तास दिवसाकडे सरकवावेत असं मला त्यावरून आणि क्लिनिकमधल्या अनुभवावरून वाटतं.

तीनच्या आत जेवण तुम्हाला जमणार नाही, मला माहितीये, कुणालाच जमत नाही. तुम्ही असं करून बघा. दोन डबे न्या. ऑफिसला पोचलात की दहाला पहिला डबा, पोळी-भाजी आणि एक अंडं किंवा मूठभर फुटाणे. दीडला दुसरा, त्यात उसळ किंवा घट्ट वरण, भात थोडा, काकडी-टोमॅटो. आणि सहाला निघायच्या आधी, हे महत्त्वाचं, डेस्कवर बसूनच काहीतरी खरं खाऊन घ्या, पनीर परतून आणलेलं किंवा मटकीची भेळ किंवा घरचं दही आणि एक फुलका. सहाला खाल्लंत की गाडीतून उतरल्यावर स्टेशनबाहेरचा वडापाव डोळ्यांना दिसेल पण हात जाणार नाही. मिस्टर आले की त्यांच्याबरोबर बसायचं असतं, दिवसभरातला तेवढाच वेळ असतो दोघांना, ते मोडू नका, वाटीभर सार किंवा ताक घेऊन बसा. पहिले चार दिवस ते म्हणतील "अगं जेव की थोडं", पाचव्या दिवशी म्हणणं थांबतं.

राहिले केस. यात माझ्या मनात एक शंका आहे. वजन भराभर उतरल्यामुळे जे केस गळतात ते लगेच गळत नाहीत, साधारण दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात. तुमचं फास्टिंग दीड महिन्याचंच आहे, तेव्हा मूळ कदाचित आधीचं असेल. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड या तीन टेस्ट करून घ्या, ४३ व्या वर्षी पाळी जास्त जात असेल तर लोह कमी असणं अगदी कॉमन आहे. आणि प्रोटीन बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला दिवसाला ५० ग्रॅम. तुमच्या एकच्या डब्यातल्या दोन पोळ्या-भाजीत सहा-आठ ग्रॅम आहे, खारीत नावाला. जेवणाच्या वेळा तीनाच्या दोन केल्या की पहिला मार बसतो तो प्रोटीनलाच, आणि आपल्या शाकाहारी ताटात ते आधीच पातळ वरणाएवढं पातळ असतं.

वय ५८, कराड. नऊ वर्षं शुगर आहे. ग्लिमेपिराईड-मेटफॉर्मिनची गोळी दोन वेळा आणि गेल्या वर्षापासून डापाग्लिफ्लोझिन. माझ्या मित्राने दोन वेळा जेवणाचा प्लॅन सुरू केला, चार महिन्यांत एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६ वर आलं, गोळ्या बंद झाल्या. मी येत्या सोमवारपासून सुरू करतोय, फक्त तुमचा होकार पाहिजे.

काका, होकार नाही. सोमवारपासून तर नाहीच.

रागावू नका, कारण सांगते. ग्लिमेपिराईड ही गोळी स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन बाहेर काढायला लावते, तुम्ही जेवलात का नाही जेवलात हे ती विचारत नाही. गोळी घेतली आणि जेवण सोडलं की शुगर धाडकन खाली येऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधड, विनाकारण चिडचिड, डोळ्यापुढे अंधारी. ७० च्या खाली गेली की लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून किंवा ग्लुकोज पावडर घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायची. पेढा, चॉकलेट, लाडू नको, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. हे घरात काकूंना पण सांगून ठेवा, उपास करा अगर न करा.

डापाग्लिफ्लोझिनची गोष्ट वेगळी. ही गोळी लघवीवाटे साखर बाहेर काढते. लांब उपास, पिठूर पदार्थ एकदम कमी आणि वर ही गोळी, असं जमून आलं तर क्वचित रक्तात आम्ल वाढतं, त्याला कीटोॲसिडोसिस म्हणतात, आणि यात फसवं काय तर ग्लुकोमीटरवर आकडा फारसा वाढलेला दिसतच नाही. उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं, असं काही झालं तर "शुगर तर नॉर्मल आहे" म्हणून घरी बसू नका. अशा वेळी डॉक्टरला गोळीचं नाव पहिल्यांदा सांगायचं.

तुमच्या मित्राचं कौतुकच आहे. फक्त त्यांना एक विचारा, त्यांचा डायबिटीस किती वर्षांचा होता? ब्रिटनमधे २०१७ साली डायरेक्ट नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात कमी खाणं आणि वजन उतरवणं यावरच भर देऊन वर्षभरात ४६ टक्के लोकांचा डायबिटीस गोळ्यांशिवाय काबूत आला, १५ किलो किंवा जास्त उतरवलं त्यांच्यात तर ८६ टक्के. पण त्यात घेतलेले सगळे लोक सहा वर्षांच्या आतले पेशंट होते आणि इन्सुलिनवर कुणी नव्हतं. नऊ वर्षांनी होतच नाही असं मी म्हणत नाही, तेवढं सोपं नसतं एवढंच.

दोन वेळा जेवणाबद्दल म्हणाल तर नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी तो विचार मांडला आणि ते २००४ मधे गेल्यानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो गावोगाव नेला, कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांच्या आत जेवण, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणत होत्या, आणि मधे एक काळ असा होता की मराठी घरात लग्नाच्या पंगतीला पण "तुम्ही दीक्षित का दिवेकर" असं विचारायचे, आमच्याकडे तर दोन जावा दोन पक्षांत होत्या आणि दोघींचंही वजन तेवढंच राहिलं. दीक्षित सर सुद्धा सुरू करायच्या आधी एचबीएवनसी आणि फास्टिंग इन्सुलिन तपासून घ्यायला सांगतात हे लोक विसरतात, त्यांना फक्त "दोनदा" तेवढं ऐकू येतं.

तर या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांकडे जा. त्यांना सांगा मला जेवणाच्या वेळा कमी करायच्यात, डोस कसा बदलायचा. ते ग्लिमेपिराईड बहुतेक कमी करतील किंवा बदलतील, डापाग्लिफ्लोझिनचं काय करायचं ते बघतील, किडनीचे आकडे बघतील. मग सुरुवात बारा तासांपासून, रात्री आठला जेवण संपलं ते सकाळी आठला नाश्ता. पहिले पंधरा दिवस दिवसातून तीन-चारदा शुगर मोजून वहीत लिहा. पट्ट्या महाग पडतात, कल्पना आहे, पण तेवढे दिवस कंजूषी नको.

बार्शीहून लिहितेय, वय ६६. आम्ही चाळीस वर्षं एकादशी, श्रावणी सोमवार, संकष्टी, नवरात्राचे नऊ दिवस करतोय. सून सकाळचा चहा-नाश्ता सोडते तर तिचं फास्टिंग म्हणून घरभर कौतुक आणि आमच्या उपासाला कुणी विचारत नाही. आणि खरं सांगू का, एवढे उपास करून माझं वजन ७८ कसं? गुडघे बोलायला लागलेत.

काकू, तुमचं पत्र मी मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवलं. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच लोकांनी केलीये हो, बाहेरून कुणी येऊन नाही केली.

चला साबुदाण्याचा हिशोब करू. एक माणूस एका वेळी सहज पाऊण वाटी कोरडा साबुदाणा खातो खिचडीत, ७५-८० ग्रॅम धरा, त्याचे झाले पावणेतीनशे कॅलरी. साबुदाणा म्हणजे टॅपिओका कंदाचा निव्वळ स्टार्च, त्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच. त्यात ३० ग्रॅम दाण्याचं कूट, १७० कॅलरी. दोन चमचे तूप, नव्वद. बटाटा. साडेपाचशेच्या वर गेलो एका बशीत, आणि ही सकाळची. दुपारी बटाट्याचा कीस, चारला केळं आणि दूध, रात्री भगर आणि दाण्याची आमटी, वर राजगिऱ्याचा लाडू "पित्त होऊ नये म्हणून". रोजच्या भाकरी-पिठल्यापेक्षा उपासाच्या दिवशी आपण जास्त खातो, तेही शेंगदाण्याने आणि तुपाने माखून. आणि संकष्टीला तर दिवसभर काढून चंद्रोदयाला रात्री नऊ-साडेनऊला मोदकाचं पान, मग लगेच झोप.

उपास सोडा असं मी म्हणणार नाही, मी कोण सांगणारी. पण देवाला साबुदाण्याचा आग्रह नसतो एवढं धरून चला. एकादशीला एक वेळ भगर आणि पातळ आमटी, एक वेळ दही किंवा ताक आणि फळ, रताळं तळून नको, उकडून. राजगिऱ्याची भाकरी आणि काकडीची कोशिंबीर हे उपासाचं माझ्या मते सगळ्यात चांगलं जेवण आहे, आणि ते कुणी करत नाही कारण भाकरी थापताना तुटते. गरम पाण्यात पीठ भिजवा, थोडा उकडलेला बटाटा कुस्करून घाला, तुटत नाही. चंद्रोदयाचं पान करायचंच तर पाचच्या सुमाराला दूध-फळ घ्या म्हणजे नऊला माणूस तुटून पडत नाही.

बार्शी-सोलापूरकडे तुमच्या शेजारपाजारी जैन घरं असतील. त्यांचा चौविहार बघा, सूर्य मावळल्यावर पाणी पण नाही. सुनेचं जे चाललंय त्याच्या कितीतरी जवळचं आहे ते, आणि लवकर जेवून घ्यायचं हे त्या अलाबामावाल्यांना आत्ता कळलं. तुम्ही पाणी सोडू नका मात्र, ब्लड प्रेशरची लघवी होणारी गोळी चालू असेल तर निर्जळा एकादशी करायची नाही. आणि ६६ ला नुसतं वजन उतरवणं धोक्याचं आहे, स्नायू गेले तर गुडघे आणखी बोलतील. रोज एक मोठी वाटी दही आणि उसळ, आणि खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं. नाही जमलं तर टेबलाला धरा, पण करा.

मुलगी १६ वर्षांची, अकरावीत, नागपूर. इन्स्टावर बघून दिवसभर उपाशी राहते. संध्याकाळी पाचला एकदाच जेवते, ते पण अर्धं. वजन ४६ आहे, उंची ५ फूट ३. म्हणते आई मी जाड आहे. दोन महिने पाळी आली नाहीये. रागावलं की दार लावून घेते. यात आहारात काय बदल करू?

ताई, यात आहाराचा प्रश्न नंतरचा आहे. हे फास्टिंग थांबवायचंय. अठरा वर्षांच्या आत वजन उतरवण्यासाठी उपास हे मी कुठल्याच मुलीला सांगत नाही आणि तुमच्या मुलीचं तर वजन मुळात जास्त नाहीच. पाळी बंद होणं म्हणजे शरीर म्हणतंय की माझ्याकडे एवढ्या कामाला इंधन नाही. या वयात हाडं भरत असतात, आता जे राहून जातं ते नंतर भरून काढणं फार अवघड असतं.

मला काळजी वाटते ती "मी जाड आहे" या वाक्याची, कारण ते आरशातलं दिसणं नाही, डोक्यातलं आहे. बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन आणि त्यांच्याबरोबरच मानसोपचारतज्ज्ञ, दोघांना दाखवा, या आठवड्यातच. कुणाकडे जायचं सुचत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, मराठीतून बोलतात. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं, उलट्या काढतेय असं वाटलं तर थांबायचं नाही. घरात एवढंच करा, वजनकाटा उचलून माळ्यावर टाका, तिच्या ताटाकडे बघत बसू नका, आणि तुमच्या स्वतःच्या तोंडून "मी किती सुटलेय बाई" हे वाक्य काही दिवस बंद. आपल्याला वाटतं त्या ऐकत नाहीत, सगळं ऐकत असतात.

हिंजवडीत नोकरी, वय २७, शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२ आहे म्हणजे नॉर्मल, पण पोट सुटलंय. मित्र म्हणतात तू बारीक आहेस तुला कशाला फास्टिंग.

मित्रांना पुण्यातलंच एक उदाहरण सांग. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचा एक फोटो २००४ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक सर २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळ. म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा टेप बरी, पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८०. पँटचा साईज सांगू नकोस, बेंबीच्या पातळीवर टेप लावून मोज.

तुला सोळा-आठ वगैरे काही नको. तुझा शत्रू म्हणजे रात्री एक वाजताची बिर्याणी किंवा मॅगी आणि पहाटे साडेचारला घरी आल्यावरचं परत काहीतरी. बाहेर अंधार असेल तेव्हा शरीर साखर नीट हाताळत नाही, शिफ्ट असली तरी. मुख्य जेवण कामावर निघायच्या आधी साडेपाचला, पोटभर, भाकरी-उसळ-भात सगळं. नऊ-साडेनऊला दुसरा छोटा डबा. मध्यरात्रीनंतर पाणी, ताक, फारच झालं तर फुटाणे. झोपून उठलास की दुपारी बाराला नाश्ता. आणि आठवड्यातून तीनदा तरी वजनं उचल, पोट सुटतं त्याला नुसतं उपाशी राहून आत जाता येत नाही, हातापायाचे स्नायू बारीक होतात आणि पोट तिथेच बसून असतं.

रत्नागिरी. मी निवृत्त विज्ञान शिक्षक. १६ तास उपाशी राहिलं की ऑटोफॅजी सुरू होते आणि पेशी स्वतःची साफसफाई करतात, याला नोबेल मिळालंय असं सगळीकडे फिरतंय. आणि दुसरीकडे बातमी वाचली की अशा उपासाने हृदयविकाराने मरण्याचा धोका ९१ टक्के वाढतो. दोन्ही खरं कसं असेल?

सर, नोबेल खरं आहे. २०१६ चं, जपानच्या योशिनोरी ओसुमींना, पेशी आपल्यातले जुने भाग कसे मोडून परत वापरतात याची जनुकं शोधून काढली म्हणून. पण त्यांनी ती शोधली यीस्टमधे, म्हणजे पाव फुगवतो त्या यीस्टमधे, त्याला उपाशी ठेवून. माणसाने कितव्या तासापर्यंत नाश्ता केला नाही तर साफसफाईचा भोंगा वाजतो हे त्यात कुठेच नाही. ऑटोफॅजी तुमच्या-माझ्या शरीरात तशीही थोडी थोडी चालूच असते, खाणं कमी केलं की वाढते, व्यायामाने पण वाढते, पण जिवंत माणसाच्या लिव्हरमधे ती आज किती झाली हे मोजायची साधी टेस्ट नाहीये. म्हणून "सोळाव्या तासाला" असं जो छातीठोकपणे सांगतो त्याला तुम्ही वर्गात विचारायचात तसं विचारा, मोजलं कशाने?

९१ टक्क्यांची बातमी २०२४ च्या मार्चमधली, अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या शिकागोच्या परिषदेतली. त्यांनी अमेरिकेतल्या सुमारे २० हजार लोकांची आधीच गोळा झालेली माहिती घेतली, त्यात लोकांनी फक्त दोन दिवसांचं खाणं आठवून सांगितलेलं होतं, आणि त्यावरून हा आठ तासांतच खातो असं ठरवलं. आता दिवसातून आठच तासांत खाणारे लोक कोण असतात? काही हौशी, काही आजारी, काही एकटे राहणारे, काहींना तीन वेळचं मिळतच नाही. उपासामुळे हृदय गेलं की हृदय आधीच थकलेलं म्हणून खाणं गेलं, हे अशा माहितीतून सुटत नाही. मी या बातमीने घाबरणार नाही, आणि ओसुमींच्या नावाने उपासही करणार नाही.

उरलेले छोटे प्रश्न एकत्र घेते.

चहाने फास्ट मोडतो का, हे किमान वीस जणांनी विचारलंय. दूध-साखरेचा असेल तर मोडतो, अर्ध्या कपात पन्नास-साठ कॅलरी असतात. कोरा, बिनसाखरेचा चालतो. सकाळच्या पहिल्या दुधाच्या चहाशिवाय तुमचं डोकं दुखणार असेल तर सरळ चहा घ्या आणि तिथून तास मोजा, चहासाठी कुणी घरात भांडू नका.

लिंबू-मध-गरम पाणी: मध ही साखरच आहे. आणि चरबी वितळत नाही त्याने, ती काही तुपाची वाटी नाहीये.

थायरॉईडची गोळी नेहमीसारखी, उठल्यावर साध्या पाण्याबरोबर. कोरी कॉफी सुद्धा अर्ध्या तासाने. फास्टिंग चालू आहे म्हणून गोळी दुपारी ढकललीये असं दोघींनी लिहिलंय, त्यांनी उद्यापासून परत सकाळी घ्या.

अंगावर पाजणाऱ्या आणि दिवस गेलेल्या मुलींनो, हे आत्ता नाही.

नाशिकचे एक काका लिहितात, पित्ताशयात खडे आहेत, तीन-तीन दिवस फक्त पाण्यावर राहिलं तर विरघळतील का. विरघळत नाहीत, उलट लांब उपास आणि भराभर वजन उतरवणं याने खडे होतात नाहीतर वाढतात. काका, तुम्ही दोन वेळा जेवा, त्यात चमचाभर तेल-तूप असू दे, आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन सर्जनला भेटा, तो मला पाठवून उपयोग नाही.